कर्नेलमधलं घड्याळ आणि धाकटी जाऊ

माझ्या धाकट्या जावेबद्दल माझ्या मनात काहीही नाही, हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको. मुलगी गुणी आहे. हुशार आहे. केस लांब आहेत. आमच्याच ऑफिसात माझ्या टेबलाला टेबल लावून बसते आणि संध्याकाळी माझ्याच घरी येते, कारण ते तिचंही घर आहे. सकाळी दिवा लावल्यावर मी तासभर मौन पाळते आणि दिवसभर कुणाचं उणं काढत नाही. हे नेम तिच्या लग्नाच्या आधीपासूनचे आहेत, तिच्यामुळे धरलेले नाहीत. तिच्यामुळे ते फक्त अवघड झाले.

आमचं ऑफिस यंत्रांच्या पोटात चालणारी कार्यप्रणाली बनवतं. लिफ्ट, कपडे धुण्याचं यंत्र, पेट्रोलचा पंप, असल्या गोष्टींसाठी. या प्रणालीच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नेल म्हणतात, आणि त्या कर्नेलमधलं घड्याळ माझ्याकडे होतं. म्हणजे ते सांभाळायचं काम. किती वाजले, हे यंत्रातला प्रत्येक तुकडा सारखा विचारत असतो, आणि त्याला उत्तर देणारा कोड माझा. "दिवसभर घड्याळ बघतेस, आणि त्याचा पगार देतात?" असं सासूबाईंनी एकदा पाहुण्यांसमोर विचारलं होतं. धाकटीला असलं काही कुणी विचारत नाही. ती यंत्राच्या पडद्यावर चित्रं उमटवायचं काम करायची, आणि चित्रं दिसतात. घड्याळ बरोबर चालत असेल तर ते कुणी बनवलं असा प्रश्न कुणालाच पडत नाही.

तर एका सोमवारी आमचे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "ग्राहकाची तक्रार आहे. धुण्याच्या यंत्रातली वेळ मधूनच मागे जाते." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं असतं तर मी समजून घेतलं असतं. ते धाकटीकडे बघून म्हणाले, "घड्याळाकडे जरा ताज्या नजरेने बघायला हवं. तू बघतेस का?"

ताजी नजर. म्हणजे माझी शिळी.

माझा आवाज मुळातच खालचा आहे. त्यामुळे मी चिडले तरी लोकांना माझी तब्येत बरी नाही असं वाटतं. मी म्हटलं, "साहेब, छोटंसं काम आहे. मीच करते. शिवाय चाचणीसाठी एक यंत्र आमच्या इमारतीतच बसवून घेते. रोज खरे कपडे पडतील त्यात."

"बरं वाटत नाहीये का?" साहेबांनी विचारलं. मग म्हणाले, "ठीक आहे. दोघी बघा. शनिवारी ग्राहकाला घेऊन येतो. जिचं चालेल तिच्याकडे पुढे घड्याळ."

धाकटी माझ्याकडे बघून हसली. तिचं हसणं छान आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. प्रत्येक वेळी हसायची गरज असते का, हा वेगळा मुद्दा.

आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांसाठी एक धुलाईची खोली आहे. तिथे यंत्र ठेवायचं तर समितीची परवानगी लागते, आणि समिती म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे जजसाहेब म्हणतात. माझा अर्ज त्यांनी चष्मा लावून, काढून आणि पुन्हा लावून वाचला.

"यंत्र बसवायचं म्हणता. आधीच्या यंत्राऐवजी की आधीच्या यंत्राखेरीज?"

"त्याच्या शेजारी."

"शेजारी हा शब्द अर्जात नाही."

मी तो घातला. मग त्यांना 'चाचणी' या शब्दावर हरकत होती, कारण चाचणी म्हटलं की अपयशाची शक्यता गृहीत धरल्यासारखं होतं आणि समिती अपयशाला परवानगी देऊ शकत नाही. मी 'चाचणी' काढून 'वापर' केलं. तर वापर म्हटल्यावर पाण्याचा वाटा आला, आणि पाण्याच्या वाट्याला नळ दुरुस्त करणाऱ्याचा दाखला. मी तीन वेळा खाली-वर केलं. शेवटी धाकटी ऑफिसमधून येताना सहज त्यांच्या दारात थांबली, त्यांच्या कुंड्यांमधल्या झाडांची चौकशी केली आणि सही घेऊन वर आली.

"ते फार गोड आहेत हो, वहिनी," ती म्हणाली.

मी जप करत होते. मणी मात्र दोनदा मोजला गेला.

यंत्र बसलं. पहिले कपडे टाकले दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, त्यांचे पांढरे कोट. पडद्यावर उरलेली वेळ आली, ती कमी कमी होत गेली, आणि संपत आली असताना अचानक तासाने वाढली. बाई कोट न्यायला खाली आल्या, परत गेल्या, पुन्हा खाली आल्या. "माझे पेशंट तोंड उघडून बसलेत," त्या म्हणाल्या. कोट धुऊन धुऊन इतके पातळ झाले की आतल्या ब्लाउजचं नक्षीकाम दिसायला लागलं.

सगळ्यांनी सल्ले दिले. जजसाहेब म्हणाले, यंत्र पातळीत नाही, आणि त्यांनी स्वतः पुठ्ठ्याची घडी करून एका पायाखाली घातली. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "सेल बदल." सासूबाईंचं मत पडलं की कोटच तसले असतील.

दोष कोटांचा नव्हता. तो काय होता ते मी सोप्यात सांगते, कारण पुढची सगळी रामकहाणी त्यावर आहे. यंत्रातली वेळ दोन तुकड्यांत ठेवलेली असते. समजा एकात तास आणि दुसऱ्यात मिनिटं. वाचणारा आधी तास वाचतो, मग मिनिटं. आता समजा चार वाजून एकोणसाठ मिनिटं झालीत. वाचणाऱ्याने तास वाचला, चार. तेवढ्यात घड्याळ पुढे सरकलं आणि पाच वाजले. त्याने मिनिटं वाचली, शून्य. झालं. त्याच्या हिशेबाने चारच वाजलेत. अर्धी वेळ जुनी, अर्धी नवी, आणि मधल्या मध्ये एक अख्खा तास परत आला. दोन्ही तुकडे खरे, आणि जोडून झालेली वेळ धादांत खोटी.

मी उपाय केला तो कुणाही सुज्ञ गृहिणीला सुचेल असाच. कडी. घड्याळ बदलणारा आत गेला की कडी लावणार, तोवर वाचणारा बाहेर थांबणार. वाचणारा आत असेल तर बदलणारा थांबणार. न्हाणीघराला असते तशी. मी कोड यंत्रात चढवला आणि धाकटीला अगदी प्रेमाने म्हटलं, "तू आता त्रास नको घेऊस."

दुसऱ्या दिवशी त्या यंत्रात जजसाहेबांचा काळा कोट होता. संध्याकाळी त्यांना एका समारंभाचं अध्यक्षपद होतं. यंत्र मध्येच गप्प झालं. दार उघडेना, बटणं दाबली जाईनात, काचेच्या गोल खिडकीतून कोटाची एक बाही आमच्याकडे बघत होती.

झालं होतं असं. या यंत्रात एक तातडीची घंटा असते. पाणी काठाला आलं की ती वाजते, आणि ती वाजली की यंत्राच्या मेंदूने हातातलं काम आहे तिथे टाकून पळायचं असतं. तिला थांबवायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. घंटेला पळालेला मेंदू पहिलं काम काय करतो, तर घंटा किती वाजता झाली याची नोंद. म्हणजे घड्याळ वाचायचं. आणि घंटा झाली तेव्हा तो नेमका घड्याळच बदलत होता, आत, कडी लावून. आता तो बाहेर उभा, दार बंद, आणि आत कोण, तर तोच. तो स्वतःची वाट बघत जन्मभर उभा राहिला असता.

जजसाहेब समारंभाला जावयाचा स्वेटर घालून गेले. स्वेटरवर बदक होतं. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मी कुणाला दोष देत नाही." असं म्हणणाऱ्यांचं मला सगळं समजतं, मी स्वतःच त्यातली आहे.

रात्रीच्या जेवणाला धाकटीने ताटावरूनच विचारलं, "वहिनी, एक सुचवू का? रागावणार नसाल तर."

"मी कधी रागावते?"

"नाही, आवाजावरून कळत नाही ना, म्हणून विचारलं." ती पाण्याचा पेला मध्ये ठेवून समजावायला लागली. "वाचणाऱ्यासाठी कडी हवीच कशाला? दाराबाहेर एक पाटी लावू. बदलणारा आत जाताना पाटीवरचा आकडा एकाने वाढवेल, बाहेर येताना अजून एकाने. म्हणजे आकडा विषम असला की समजायचं, आत काम चालू आहे. वाचणाऱ्याने आधी पाटी बघायची, मग वेळ वाचायची, मग परत पाटी बघायची. आकडा सम असेल आणि तोच असेल तर वेळ खरी. नाहीतर ती टाकून द्यायची आणि पुन्हा वाचायची. बदलणाऱ्याला कुणी अडवायचं नाही."

सुंदर होतं. तरीही मी सावरले असते, पण सासूबाईंनी मान डोलावली. "कळलं की मला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ही घड्याळाचं काय करते ते कळलं नव्हतं. हिने पेला ठेवला आणि कळलं."

मीही त्या घरात कितीतरी पेले ठेवले आहेत.

धाकटीने कोड लिहिला आणि आमच्या ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी तपासावा म्हणून माझ्याकडे पाठवला. मी तो एकाग्रतेने वाचला. इतकी एकाग्रता मला जपात कधी साधलेली नाही. ओळीमागून ओळ निर्दोष होती आणि माझ्या पोटात दुखत होतं. आणि मग मला ते भोक दिसलं.

तीच घंटा. समजा मेंदू आत बदल करतोय, पाटीवर विषम आकडा आहे, आणि घंटा झाली. मेंदू धावत बाहेर आला, वेळ वाचायला गेला, पाटी बघितली. विषम. म्हणजे आत कुणीतरी आहे, पुन्हा वाचू. पुन्हा विषम. पुन्हा वाचू. आतलं काम पुरं करणारा हाच, आणि हा इथे पाटी वाचत बसलेला. कडीच्या जागी पाटी आली, गोठणं तेच. एकदा उभ्याने वाट बघायची, एकदा घिरट्या घालत.

माझ्या पोटात दुखायचं थांबलं. इतकं हलकं वाटलं की मी चहाला दोन चमचे साखर घेतली.

मी लगेच सांगणार होते, खरंच. तोंडही उघडलं होतं. मग मला माझा नेम आठवला. कुणाचं उणं काढायचं नाही. आणि कुणाच्या कोडमधली चूक दाखवणं म्हणजे उणं काढणंच नाही का? मी या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. सूर्य मावळल्यावर सांगायला हरकत नव्हती, पण तेव्हा तिचा थकवा बघवेना. पहाटे माझं मौन. एकूण सगळ्या बाजूंनी माझी भक्ती आडवी येत होती. मी 'तपासलं' या शब्दावर खूण करून कोड परत पाठवला. तपासला तर होताच. तपासून काय सापडलं, असं तिथे कुणी विचारलेलं नव्हतं.

आणि ही घंटा नेमकी त्याच क्षणी होणं फार दुर्मीळ असतं, अशीही मी मनाची समजूत घातली. माझा कोड त्याच दुर्मीळ क्षणी गोठला होता, तेवढा भाग सोडून.

शनिवारी साहेब आले, बरोबर ग्राहक. कडक इस्त्रीचा सूट, चकचकीत बूट. तळघरात सगळी इमारत जमली. डॉक्टरीणबाई कोट न आणता, जजसाहेब स्टूल घेऊन. सासूबाईंनी दिवाणखान्याचे पडदे काढून आणले होते, कारण पाहुण्यासमोर रिकामं यंत्र फिरवणं त्यांना कमीपणाचं वाटलं. साबणाची पूड त्यांनी मापाने घातली नाही. त्या कधीच घालत नाहीत. डबा उपडा केला आणि बोटाने कडा निपटल्या.

यंत्र सुरू झालं. वेळ पडद्यावर सुरेख उतरत गेली. "मागे जात नाही," ग्राहक म्हणाले.

"जाणारच नाही," साहेब म्हणाले आणि धाकटीकडे बघितलं. "नवं डोकं लावलंय."

धाकटी पुढे झाली. "वहिनींनी तपासलंय हो ते, म्हणून मी निर्धास्त आहे. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

खिडकीत फेस चढत होता. फेस पाण्याच्या काठाच्या खुणेपर्यंत पोचला की यंत्राला वाटणार पाणी काठाला आलं, आणि घंटा होणार. एकदा नाही, फेस तिथे हलत राहील तोवर होतच राहणार. म्हणजे दुर्मीळ क्षण फार दूर नव्हता.

मी म्हटलं, "जरा बंद करता का?"

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुर्ची देऊ का? चेहरा उतरलाय तुमचा." साहेब ग्राहकांना काहीतरी समजावत होते. पहिली घंटा झाली, मग दुसरी, मग त्या एकमेकींत मिसळल्या, आणि यंत्र गप्प झालं.

ते गोठलं तेव्हा पाण्याची तोटी उघडी होती.

पाणी आधी दाराच्या रबरातून झिरपलं, मग साबणाच्या कप्प्यातून रीतसर वाहायला लागलं. ग्राहक एक पाऊल मागे गेले, मग दोन, मग भिंत लागली. जजसाहेब स्टुलावर उभे राहिले आणि तिथून म्हणाले की दाखल्यात या गोष्टीचा उल्लेख नव्हता. धाकटी बटणं दाबत होती. मी तिचा चेहरा बघितला. पांढराफटक. हे बघायला मला आवडेल असं मी मानत होते. ते तसं आवडलं नाही. थोडं आवडलं.

"भिंतीवरचं मोठं बटण बंद करा," मी ओरडले.

तो आवाज माझा आहे हे कळायला मलाच वेळ लागला. सासूबाईंच्या हातातला डबा पडला. आमच्या ह्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, सांगितलेलं काम लगेच केलं.

शांत झाल्यावर घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून मी सगळं सांगितलं. पाटी, विषम आकडा, घंटा, घिरट्या. आणि उपायही, कारण उपाय माझ्याकडे तयार होता. "तातडीच्या वाचणाऱ्याला पाटीपाशी थांबवायचंच नाही. घड्याळाच्या दोन प्रती ठेवायच्या. एकीत बदल चालू असला की पाटी दुसरीकडे बोट दाखवते. तो तिथली वेळ वाचून मोकळा. क्षणभर जुनी असेल, पण फाटलेली नसेल. मग पहिली पुरी झाली की बोट तिकडे, आणि दुसरीत बदल."

साहेबांनी ओले मोजे काढता काढता वर बघितलं. "हे उत्तम आहे. आत्ता सुचलं तुम्हाला?"

मी खोटं बोलत नाही. म्हणून मी काहीच बोलले नाही.

"सकाळीच सुचलं असणार त्यांना," धाकटी म्हणाली. "पण सकाळी त्यांचं मौन असतं. मग मीच घाईघाईने इकडे निघून आले. मी थांबायला हवं होतं."

ग्राहक म्हणाले की भोक इथे सापडलं ते बरं झालं, त्यांच्या गोदामात पडद्यांपेक्षा महाग गोष्टी आहेत. साहेब म्हणाले, "घड्याळ तुमच्याकडेच ठेवतो." मी मान डोलावली. सगळे वर गेले. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मला कुणी दिलं हे मला आणि अजून एका बाईला माहीत होतं. आजवर मला तिच्या केसांचा, हसण्याचा, पेल्याचा हेवा वाटला होता. चांगुलपणा तेवढा माझ्या वाट्याचा आहे, असं मी धरून चालले होते.

आम्ही दोघी फडकी घेऊन फरशी पुसायला लागलो.

"खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"तुम्हाला आधीच दिसलं होतं ना? तुम्ही त्या दिवशी चहात साखर घेतलीत तेव्हाच मला शंका आली होती. तुम्ही साखर घेत नाही." मग म्हणाली, "मला ते घड्याळ नको होतं, वहिनी. ते तुमचं होतं म्हणून हवं होतं. रोज ऐकायचं तरी किती माणसाने. मोठीसारखी शांत हो. मोठीसारखी सकाळी ऊठ. मोठीचा आवाज कधी कुणी ऐकलाय का."

"हे कोण म्हणतं?"

"आपल्या सासूबाई. अजून कोण?"

मी फडकं बादलीत सोडलं. "मला तर म्हणतात, धाकटीसारखं चारचौघांत बोलायला शीक. धाकटीसारखी हसत राहा."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि सासूबाई पडद्यांचं काय झालं ते बघायला अर्ध्यावर आल्या.

"अगं धाकटे, नुसतं मधलं काय पुसतेस? मोठी बघ, कशी कोपऱ्यापासून पुसत येतेय." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आणि तू, पाणी फिरवून काय होतंय? तिच्यासारखं फडकं पिळून घे आधी."

त्या वर गेल्या. धाकटीने तोंडावर हात धरला, पण हसू बाहेर आलंच. मलाही आलं, माझ्या आवाजात.

मग मी तिच्या फडक्याकडे नीट बघितलं. खरंच चांगलं पिळलं होतं. मान वर केली तर ती माझ्या कोपऱ्याकडे बघत होती.